हवालदार प्रफुलचा राजीनामा

फोन आला तेव्हा सोमाजी तलावाच्या पाळीवर जाळं वाळत टाकत होता. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून मोठ्या आवाजात हिंदी आली.

"राम राम ताऊ. हवलदार प्रफुल के घर से बोल रे हो?"

"हव. मैं उसका बाप."

"उसका फोन क्यूं बंद सै? दो दिन से मिला रहा हूं. छुट्टी के कागज पे थारा नंबर लिखा था, तो थारे पे मिलाया."

"फोन पानी में गिरा. चावल में रखा है."

पलीकडचा माणूस हसला. तो प्रफुलच्या युनिटातला क्लर्क होता, हरियाणाचा. म्हणाला, "अच्छा सुण ताऊ. ऊपर से पैनल आ गया सै. उसमें थारे लड़के का नाम सै. उसका राजीनामा चाहिए. लिख के, साइन करके. पच्चीस तारीख तक. नहीं आया तो नाम कट जावेगा."

सोमाजीच्या हातातलं जाळं खाली पडलं.

"क्या किया मेरे लड़के ने?"

"किया के? बढ़िया काम किया, तभी तो मांग रे हैं. भूलियो मत."

फोन बंद झाला.

आता इथे दोन शब्दांचा खुलासा करायला हवा. हरियाणाकडे माणूस एखाद्या गोष्टीला राजी आहे असं लिहून देतो, त्या कागदाला राजीनामा म्हणतात. आपल्याकडे माणूस नोकरी सोडतो त्या कागदाला राजीनामा म्हणतात. दुसरा शब्द पॅनल. फौजेत बढतीसाठी निवडलेल्यांची यादी येते, तिला पॅनल म्हणतात. आमच्या चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातल्या गावांत पॅनल एकच, निवडणुकीतलं. या पॅनलनं त्या पॅनलला पाडायचं असतं. क्लर्कने जे सांगितलं त्याचा अर्थ होता, तुमच्या मुलाचं नाव नायब सुभेदारीच्या यादीत आलं आहे, तो राजी आहे का ते लिहून पाठवा. सोमाजीला जे समजलं ते असं, की वरून एक पॅनल येऊन बसलं आहे, त्याला माझा मुलगा नको आहे आणि पंचवीस तारखेपर्यंत त्याने नोकरी सोडावी असं ते म्हणतात.

तारीख होती वीस नोव्हेंबर.

प्रफुल फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होता. आयटीआय करून एक वर्ष घुग्घुसच्या गॅरेजमध्ये ट्रकाखाली झोपून काढलं आणि एकोणिसाव्या वर्षी भरती झाला. फौजेत मेकॅनिकला नुसती वर्षं मोजून पुढे जाता येत नाही. आधी तिसऱ्या दर्जाचा, मग परीक्षा देऊन दुसऱ्या, मग पहिल्या. पहिला दर्जा मिळाला तरी जागा रिकामी असेल तेव्हाच फीत मिळते. नोकरीच्या दहाव्या वर्षी तो नायक झाला, सोळाव्या वर्षी हवालदार, तीन फिती. आता बावीस वर्षं झाली होती. यापुढची पायरी नायब सुभेदार. दंडावरच्या फिती निघतात, खांद्यावर एक तारा लागतो आणि शिपाई 'साब' म्हणून उभे राहतात. पण त्याच्या कामातल्या माणसांसाठी अशी जागा क्वचित निघते. कैक चांगले मेकॅनिक हवालदार म्हणूनच पेन्शनवर येतात. प्रफुल हवालदार राहिला असता तर दोन वर्षांत घरी. नायब सुभेदार झाला तर त्यावर आणखी चार वर्षं बाहेर.

यातलं सोमाजीला थोडंच ठाऊक होतं. त्याला फिती ठाऊक होत्या, कारण त्याची बायको गुणाबाई त्या मोजायची. प्रफुल सुटीवर आला की ती आधी दंडाकडे पाहायची. गुणाबाई जुलैत वारली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ताप आला, चौथ्या दिवशी गेली. प्रफुल पोचला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. त्यानंतर आता नोव्हेंबरात तो महिनाभराच्या सुटीवर आला होता. त्याची बायको प्रेमिला मुलीच्या शाळेसाठी चंद्रपूरला खोली करून राहायची, रविवारी यायची. एरवी घरात सोमाजी आणि प्रफुल, दोघंच.

सोमाजीने फोनचं कोणाला सांगितलं नाही. प्रफुललाही नाही.

याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी सोमाजी गावच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता. विरोधी पॅनलने काहीतरी तक्रार केली. चार माणसं घरी आली आणि गोड बोलली, "सोमाजीभाऊ, चौकशी होतपर्यंत राजीनामा देऊन टाका. मग तुम्हालेच बसवतो." सोमाजीने दिला. चौकशीत काही निघालं नाही, पण खुर्चीवर दुसरा बसला तो बसलाच. त्या वेळी गुणाबाई चुलीपुढून म्हणाली होती, "आपल्या हातानं राजीनामा लिवून देल्ला, आता कोणाले बोलता? त्याइले म्हणाचं होतं, काढून दाखवा. काढता आलं असतं तर मांगाले काऊन आले असते?"

ते सोमाजीच्या मनात पक्कं बसलं होतं. ज्याला काढता येत नाही तोच राजीनामा मागतो. म्हणून त्याने ठरवलं, प्रफुलपर्यंत ही गोष्ट जाऊच द्यायची नाही. पोरगा सरळ आहे. साहेबानं सांगितलं म्हणून लिहून देईल. पंचवीस तारीख निघून गेली की पॅनल काय करतं ते पाहू.

पण गोष्ट पोटात ठेवणं त्याला जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोंग्यात बसल्यावर त्याने झिंगूला सांगितलं. झिंगू त्याच्याच वयाचा, संस्थेचा जुना मेंबर.

"बावीस वर्स चाकरी केली पोरानं," झिंगू म्हणाला, "आन् आता राजीनामा मांगते?"

"हव ना."

"काय केलं म्हणते?"

"म्हणते बढिया काम किया, म्हणून मांगतो."

झिंगूने वल्हं थांबवलं. "म्हणजे तसंच. तुह्यासारखंच. चांगलं काम कराचं नाई भाऊ, चांगलं काम केलं का पॅनल मांगं लागते."

"मंग काय करू?"

"काई नको करू. फोन कुठी हाये त्याचा?"

"तांदळात."

"तांदळातच राहू दे."

फोन तांदळातच राहिला. यात सोमाजीला फार काही करावं लागलं नाही, आणि हीच गोष्ट त्याला हळूहळू खटकायला लागली. प्रफुल दिवसभर गावातली यंत्रं दुरुस्त करायचा. धान कापणीचे दिवस. कोणाचा ट्रॅक्टर सुरू होत नव्हता, कोणाचं मळणीयंत्र आवाज करत होतं. प्रफुल पाना लावायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवून उभा राहायचा, डॉक्टर मुलाच्या छातीवर ठेवतो तसा. मग म्हणायचा, "दुसऱ्या नंबरचा नोझल," आणि तोच निघायचा. एवढा माणूस, पण स्वतःचा फोन त्याने एकदाही तांदळातून काढून पाहिला नाही. प्रेमिला रविवारी आली तेव्हा म्हणाली, "आना इकडं, मूलला दाखवते." तर म्हणाला, "राहू दे. सुटीत शांती हाये."

प्रेमिलाने सासऱ्याकडे पाहिलं. सोमाजीने खाली पाहिलं. त्याला वाटलं, पोराला माहीत आहे. पॅनलचं त्याला आधीच कळलं आहे आणि तो लपवतो आहे.

असे पाच दिवस दोघं बापलेक एकाच घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून राहिले.

सोमाजी भात शिजवायचा. चार महिन्यांत त्याला भात आणि माशाचा रस्सा एवढं जमायला लागलं होतं. मीठ रोज वेगळं पडायचं. प्रफुल काही न बोलता खायचा.

पंचवीस तारखेला सकाळी आठ वाजता पुन्हा फोन आला. सोमाजी अंगणात होता. प्रफुल मागच्या बाजूला कोणाच्यातरी मोटारपंपाचं झाकण उघडून बसला होता. सोमाजी फोन घेऊन गोठ्याच्या पलीकडे गेला.

"ताऊ, राजीनामा के होया? आज लास्ट सै."

सोमाजीने पाच दिवस मनात घोळवलेलं एका दमात बोलून टाकलं. "नहीं देगा. मेरा लड़का राजीनामा नहीं देगा. तुमको जो करना है करो. काढून दाखवा!"

"के दिखाऊं?"

"निकाल के दिखाओ!"

मग क्लर्क हळू आवाजात म्हणाला, "ताऊ, गुस्सा क्यूं होवे सै? उसकी मर्जी. नहीं लेता तो अगले आदमी को दे देंगे. पर एक बार उससे पूछ ले. चार साल में एक जगह निकली सै. दोबारा नाम नहीं आवेगा. अपने हाथ से नायब सुभेदारी कौण छोड़े?"

नायब सुभेदारी हा शब्द सोमाजीला कळला. गुणाबाईच्या तोंडून तो त्याने बऱ्याचदा ऐकला होता.

"नायब सुभेदारी? वो राजीनामा मांगते थे ना तुम?"

"हां तो. राजीनामा. के वो राजी सै."

"थांबा," सोमाजी म्हणाला, "रुको. फोन मत रखो." आणि फोन पुढे धरून तो मागच्या बाजूला गेला, जसा काही त्यातून पाणी सांडणार होतं.

प्रफुलने हात पुसून फोन घेतला. तीन-चार वेळा "हां" म्हणाला, एकदा "समझ गया" म्हणाला, मग "शाम तक बताता हूं" म्हणून फोन ठेवला. बापाकडे पाहिलं.

"बाबा, कधीपासून फोन येऊन राह्यला?"

"वीस तारखेपासून."

"आन् सांगतलं काऊन नाई?"

सोमाजीने सांगितलं. पॅनल, राजीनामा, झिंगू, तांदूळ, सगळं. प्रफुल ऐकत होता. मध्येच तो हसायला लागला. इतका हसला की पंपाच्या झाकणावर हात टेकून खाली वाकला. जुलैनंतर सोमाजीने त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"काढून दाखवा म्हणलं तुम्ही त्याले?"

"मंग काय म्हणू? मले काय मालूम त्याइचा राजीनामा उलटा असते!" सोमाजी चिडला. "हसू नको बे. आज शेवटचा दिवस हाये म्हणते. कागद काढ, लिव."

प्रफुलचं हसू थांबलं. त्याने पाना उचलला, झाकणाचा एक बोल्ट लावला, दुसरा लावला. म्हणाला, "मी नाई म्हणाच्या विचारात होतो, बाबा."

"काऊन?"

"साब झालं का हातात पाना नाई राहत. टेबलावर बसाचं, दुसऱ्याच्या कामावर सही कराची. पोरं गाडी उघडतात, आपण उभं राहून पाहाचं. माहे हात बसून जातील. मले इंजिन सोडून नाई करमत."

हे खोटं नव्हतं. पण सोमाजी साठ वर्षं पाण्यावर नजर ठेवून जगला होता. मासा कुठे आहे ते पाण्याच्या वरच्या हालचालीवरून त्याला कळायचं.

"खोटं नको बोलू," तो म्हणाला.

"खोटं काय त्याच्यात?"

"फोन काऊन नाई दुरुस्त केला? गावाचे इंजिन दुरुस्त करतो, दोन मिनिटाचं काम तुह्यासाठी. तुले मालूम होतं हा फोन येणार हाये. सुटीवर याच्या आधीच मालूम होतं."

प्रफुल तिसरा बोल्ट बोटांत फिरवत राहिला.

"माह्यासाठी नाई म्हणते ना तू? बुढा एकटा राहते म्हणून?"

"मंग?" प्रफुल एकदम मोठ्याने म्हणाला. "माय गेली तवा मी नव्हतो. तिसऱ्या दिवशी आलो. तुम्हाले तसंच काई झालं तर? पुन्हा तिसऱ्या दिवशी येऊ? दोन वर्सांत पेन्शन घेतो, इथी गॅरेज टाकतो, तुम्ही मी राहू. प्रेमिलालेही आनतो. तारा घेऊन काय करू मी?"

सोमाजी पंपाच्या बाजूला खाली बसला. त्याला हे ऐकून बरं वाटलं. कुणी खोटं कशाला बोलावं, बरंच वाटलं. पाच दिवस त्याला भीती होती की पोराला नोकरीतून काढतात, आणि त्या भीतीच्या तळाशी एक बारीकशी खुशीही होती, की काढलं तर घरी येईल. रात्री खाटेवर ती खुशी वर यायची आणि तो तिला दाबून ठेवायचा. आता तीच गोष्ट समोर येऊन उभी होती. फक्त हो म्हणायचं होतं. हो सुद्धा म्हणायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी संध्याकाळपर्यंत काम होणार होतं.

तो बराच वेळ गप्प बसला.

"एक सांग," शेवटी तो म्हणाला. "तू घरी आला म्हणून तुही माय घरी येते काय?"

प्रफुलने मान खाली घातली.

"नाई येत. मी चार महिने पाहून राह्यलो. तू ये, प्रेमिला ये, सारा गाव ये, तिची जागा तशीच राह्यते. तू दोन वर्सांनी आला तरी मी संध्याकाळी तिकडंच पाहीन. मंग तुही सुभेदारी गेली आन् मले काय भेटलं?"

"तुम्हाले काई झालं तर?"

"तिसऱ्या दिवशी येजो. झिंगू हाये, गाव हाये, फुकून टाकतील. मी वाट पाहत नाई बसत." त्याने पंपाच्या झाकणावर बोट ठेवलं. "इंजिनाचं म्हणत असशील तर सांग. इंजिन सुटते म्हणून नाई म्हणत असशील, तर नको घेऊ. तो तुहा विचार. माह्यासाठी नाई म्हणू नको. ते मले परवडत नाई."

प्रफुल बोल्ट लावत राहिला. चारही लावून झाल्यावर म्हणाला, "इंजिनाचं तर राहतेच. पन तेवढ्यासाठी कोणी तारा सोडत नाई. आवाज ऐकून सांगता येते मले अजून. पोराइले शिकवीन."

"मंग उठ."

दोघं मोटारसायकलवर मूलला गेले. सोमाजी मागे बसला. बसस्टँडसमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात प्रफुलने कोऱ्या कागदावर हिंदीत चार ओळी लिहिल्या. आर्मी नंबर, नाव, ट्रेड, आणि नायब सुभेदार पदासाठी मी राजी आहे. खाली सही. दुकानदार पोराने कागद मशीनमध्ये घातला आणि ईमेल केला. अस्सल कागद स्पीड पोस्टाने टाकला. दुपारी दीड वाजता क्लर्कचा फोन आला, मिळाला म्हणून. प्रफुलशी बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताऊ को दे जरा." सोमाजीने फोन घेतला नाही. हाताने नको नको केलं. त्याला लाज वाटत होती.

हॉटेलात दोघांनी आलुभोंडा खाल्ला. प्रफुलने प्रेमिलाला बापाच्या फोनवरून कळवलं. ती पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलत होती. तो म्हणाला, "हव, बाबानंच सांगतलं. नाई, रडून नाई राह्यले. भोंडा खाऊन राह्यले."

गावात मात्र गोष्ट आधीच पसरली होती. झिंगूने पाच दिवस तोंड बंद ठेवलं होतं, पण दोघं घाईने मोटारसायकलवर गेलेले दिसल्यावर त्याला राहवलं नाही. पाळीवर आठ-दहा माणसं जमली होती. झिंगू पुढे आला.

"काय झालं?"

"देल्ला राजीनामा," सोमाजी म्हणाला.

झिंगूने कपाळावर हात मारला. "काऊन देल्ला बे! मी सांगतलं होतं ना! बारा वर्सांपयले तुनं तेच केलं, आता पोरालेही तेच कराले लावलं?"

"अरे, तो राजीनामा नाई."

"मंग कोनता?"

सोमाजीने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे राजीनामा म्हणजे राजी. राजी म्हणजे आपला पोरगा सुभेदार होणार. सुभेदार होणार म्हणजे आणखी चार वर्षं घरी येणार नाही. शेवटचं वाक्य त्याने झिंगूकडे न पाहता तलावाकडे पाहत सांगितलं.

झिंगूला पटायला वेळ लागला. मग मिथुन आला, पंपाचा मालक. त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. मग आशाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन थांबली. "खरंच का हो भाऊ, पोराले काढलं म्हणते?" तिलाही सांगावं लागलं. राजीनामा म्हणजे राजी, राजी म्हणजे सुभेदार, सुभेदार म्हणजे चार वर्षं.

तो आठवडाभर सोमाजी हेच सांगत फिरला. पिठाच्या गिरणीवर, रेशनच्या दुकानात, मासे विकायला गेला तिथे. प्रत्येकाला तीनही गोष्टी त्याच क्रमाने. प्रफुल सुटी संपून बल्लारशाहला गाडीत बसला, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा शेजारच्या गावची एक म्हातारी मुद्दाम चौकशीला आली. सोमाजीने तिला पाट दिला, पाणी दिलं आणि सांगितलं. राजीनामा म्हणजे राजी. पोरगा सुभेदार होणार. आणखी चार वर्षं येत नाही आता, सुटीत तेवढा येईल.

म्हातारी म्हणाली, "मंग तुम्ही एकटेच?"

"हव, एकटाच," सोमाजी तिच्याकडे पाहत म्हणाला. त्याने चुलीवरचा भात उतरवला आणि तिला विचारलं, जेवून जाता का, रस्सा आहे, मीठ आज बरोबर पडलं असेल.